हलकं चाक आणि एक धोंडा

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी आणि माझी बायको एकाच खोलीत राहिलो, हे खरं आहे. फक्त त्याच खोलीत माझा थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि वहिनीची आईही राहत होती. मुंबईतली चाळ. आमच्या वाट्याला भिंतीकडेचा कोपरा आणि मध्ये दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं. त्या लुगड्याआड आम्ही कितीही हळू कुजबुजलो, तरी पलीकडून वहिनीची आई विचारायची, "काय म्हणालास रे? मला नीट ऐकू नाही आलं."

म्हणून लोणावळ्याला एका शेठजींच्या बंगल्यावर मोटार चालवायची नोकरी मिळाली, तेव्हा मी पगार नंतर विचारला. आधी विचारलं, राहायला खोली आहे का? होती. बंगल्याच्या मागे, घोड्यांच्या जुन्या पागेला लागून. तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. बायको जवळच्याच पवन मावळातली, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी तिनं ती कडी लावली, काढली, परत लावली आणि म्हणाली, "आता बोला मोठ्यानं. कुनी ऐकत न्हाई." मला मात्र बोलायचं काहीच सुचेना. इतक्या वर्षांची सवय!

एवढं सगळं सांगतो ते कशासाठी, तर पुढं माझी जी तारांबळ झाली ती एका लोखंडी चाकापायी झाली असली, तरी माझा जीव त्या चाकात नव्हता. तो त्या कडीत होता.

शेठजींची जुनी मोटार म्हणजे चालता बोलता वाडा. पुढे मी, मागे शेठजी, बाईसाहेब, मुलं, हार्मोनियमची पेटी आणि आंब्याच्या करंड्या. लढाईच्या आधीचे ते दिवस. एकदा पावसाळा सरता सरता शेठजी मुंबईहून आले ते एका हिरव्या विलायती मोटारीतून, स्वतः चालवत. कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं मायदेशी जाताना विकलेली स्पोर्ट्सकार. बुटकी, लांब नाकाची, चामड्याच्या पट्ट्यानं बॉनेट बांधलेली. जुनी मोटार त्यांनी विकून टाकली होती. मी नव्या गाडीभोवती फिरून पाहिलं. सगळं पाहिलं, पण ज्याच्या शोधात होतो ते दिसेना. शेवटी विचारलं, "शेठ, ड्रायव्हर कुठं बसतो?"

"मीच ड्रायव्हर," शेठजी खुशीत म्हणाले. "शेजारी बाईसाहेब. बस! दोनच बैठका."

म्हणजे माझी नोकरी गेली. पण शेठजी मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "हे बघ, गाडी घाटात नीट चालत नाही. खालच्या गिअरवर टाकायला गेलं की इंजिन उठायलाच वेळ लावतं. आमच्या मेहुण्यांनी त्यांच्या गाडीचं फ्लायव्हील हलकं करून घेतलंय. चुटकीसरशी गिअर पडतो म्हणतात. खंडाळ्याला चहाला गेलं की दुसरा विषय नाही! तू आपलंही तसं करून घे. दसऱ्याला मी गाडी घेऊन त्यांच्याकडे सोनं द्यायला जाणार. त्यांच्या फाटकातून गाडी दिमाखात वर गेली, तर तू इथंच राहा, गाडीची देखभाल कर. नाही गेली, तर मला सांग, दोन बैठकांच्या गाडीला ड्रायव्हर हवा कशाला?"

प्रश्न रास्त होता. म्हणूनच मला घाम फुटला.

ज्यांना मोटारीच्या पोटातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या शेपटीला एक जड लोखंडी चाक बसवलेलं असतं, जात्याच्या वरच्या दगडासारखं. तेच फ्लायव्हील. जातं एकदा गरगरलं की हात सुटला तरी फिरत राहतं, तसं ते चाक इंजिनाला फिरतं ठेवतं. ते जितकं जड, तितकं इंजिन शांत आणि समजूतदार. पण वेग घ्यायला आळशी. हलकं केलं, की पाय दाबताच इंजिन किंचाळत उठतं. मात्र पाय काढला की तितक्याच झटक्यानं पडतं. हे शेवटचं वाक्य शेठजींच्या मेहुण्यांनी चहाच्या वेळी सांगितलं नव्हतं.

बाजारपेठेत एका चाचांचा लेथचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, तिला फिरवणारं तेलाचं इंजिन आणि भाता. चाचा मोठे हिकमती आणि भलतेच तोंडाळ. गिअरबॉक्स उतरवून मी ते चाक त्यांच्यापुढं टाकलं.

"किती उतरवायचं?" चाचांनी विचारलं.

"शेठ म्हणाले, होईल तेवढं."

"होईल तेवढं मी तुझंही उतरवीन. आकडा सांग."

आकडा मला सांगता येईना, शेठजींना विचारावं तर ते मुंबईला. मग चाचांनी चाकाच्या मागच्या अंगानं लोखंड काढायला सुरुवात केली. निळसर चकचकीत कीस गुंडाळ्या होऊन खाली पडत होता आणि मी आ वासून बघत होतो. मोठा सुंदर देखावा. शेवटी चाक दोन धारदार पट्ट्यांवर ठेवून, कुठल्या अंगाला झुकतं का ते पाहून, त्याचा तोल साधला. हातात घेतलं तर काय, परातीसारखं वाटलं! मी खूश. चाचा खूश नव्हते. म्हणाले, "जास्त झालं का रे?" मी म्हणालो, "छे हो!" आणि आम्ही दोघांनी मिळून ते गाडीत चढवलं. चढवून होईतो अष्टमीची संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी उठून पाहतो तो माझे सगळे पान्हे, हातोड्या, पक्कड, पेचकस बायकोनं चिंचेनं घासून, पाटावर मांडून, त्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिलेला. तेलकट पान्ह्यांचा एवढा थाट मी कधी पाहिला नव्हता. नमस्कार केला आणि म्हटलं, जरा गाडी फिरवून आणू.

सपाटीवर काय गाडी ती! पाय टेकवावा आणि हरणासारखी उडावी. बाजारातून नेली तर फुलवाल्यांनी माना वळवल्या. गिअर खरंच चुटकीसरशी पडत होता. मी मोठ्यानं गात होतो, हे आता लिहायला हरकत नाही, ऐकणारं शेजारी कुणी नव्हतं.

मग तुंगार्लीच्या चढाला लागलो. चालत्या गाडीनं चढ घेतला तोवर ठीक. मध्ये एक म्हैस आडवी आली म्हणून थांबलो. म्हैस गेली. मी क्लच सोडला, गाडीनं एक उचकी दिली आणि इंजिन मेलं. गाडी मागे घसरू लागली. हातब्रेक ओढला, तर तो त्या गाडीला केवळ शोभेसाठी दिलेला. कशीबशी पायानं धरली. उतरून हँडल मारावं तर पाय ब्रेकवरून काढता येईना. पाय काढला तर गाडी दरीत, नाही काढला तर मी जन्मभर तिथंच! शेवटी मागे मागे घसरत सपाटीला आणली, हँडल मारलं, पुन्हा चढलो, मुद्दाम थांबवून पाहिली, पुन्हा उचकी. पुन्हा. पुन्हा. चाकात वजनच नव्हतं, चढावर गाडीचं ओझं पडताच इंजिन हात टेकत होतं.

आणि मेहुण्यांचा बंगला खंडाळ्याला, कड्यालगत. फाटकापासून पोर्चपर्यंत असा चढ की वर जाताना दुधवाला घोड्यावरून उतरतो. फाटक कायम बंद. म्हणजे तिथं थांबणं आलंच.

मी तसाच चाचांकडं धावलो. माझ्या डोक्यात उपाय तयार होता. बैलगाडीच्या चाकाला लोहार लाल तापवून धाव चढवतो, तशी एक लोखंडी धाव या फ्लायव्हीलला चढवायची, की गेलेलं वजन परत! दुपारपर्यंत होईल, संध्याकाळी बसवू. शेडमध्ये शिरलो आणि थबकलो. लेथ धुऊनपुसून लख्ख, तिच्यावर झेंडूची माळ, पुढं नारळ. भाता थंड. चाचा नवी टोपी घालून खुर्चीवर बसले होते.

"चाचा, तुम्ही तरी लेथ चालू करा!"

"मी तरी म्हणजे?"

"म्हणजे... खंडेनवमी आमची. तुमचं काय अडतं?"

चाचांनी लेथवरची माळ सरळ केली. "वर्षभर ही लेथ माझी बोटं खाऊ शकते. खात नाही. वर्षात एक दिवस ती आराम मागते. तो मी तुझ्या शेठच्या मेहुण्यासाठी मोडू? माझ्या बापानं नाही मोडला. परवा ये. अशी धाव चढवून देतो की इंजिन दुवा देईल."

"परवापर्यंत मी मुंबईला चाळीत पोचलेला असेन हो!"

"मग पेढा खा," म्हणून त्यांनी हातावर प्रसाद ठेवला. तो पेढा मुठीत धरूनच मी बाहेर पळालो.

सबंध लोणावळं पालथं घातलं. गावातला लोहार, टांग्याची चाकं करणारा सुतार, सायकलवाला, जिथं जावं तिथं हत्यारं पाटावर आणि मालक पाटापुढं. आयुष्यात पहिल्यांदा मला मावळातल्या झेंडूचा राग आला. घरी येऊन पाटाकडं हात नेला, म्हटलं निदान क्लचचा पेडल तरी कमीजास्त करून बघू.

"अवो!" बायको ओरडली. "आज हात लावायचा न्हाई."

"अगं, एकच पान्हा!"

"एक उचलला तर बाकीचे काय म्हनतील?"

मी मटकन खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. शेठजींची अट मी तिला तोवर सांगितलीच नव्हती.   तिनं एकदा खोलीभर नजर फिरवली. मग ट्रंक ओढून तिनं आमची लुगडीधोतरं भरायला घेतली, अगदी सावकाश, घड्या मोडून पुन्हा घालत. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडेना.

एकाएकी तिनं विचारलं, "गाडी मागं येती, ह्योच तुमचा घोळ ना?"

"हो."

"मग धोंडा लावा की."

"कसला धोंडा?"

"आमचा आबा भाताची गाडी खिंडीतनं वडगावच्या बाजारला न्यायचा. बैल दमला की आमी मागनं चाकाला धोंडा लावायचो. गाडी जागची हालत न्हाई. बैल दम घेतो, मग जोर करतो. तुमचा बैल दमतोय, त्याला दम घेऊ द्या."

मी हसलो. मग हसता हसता थांबलो. पाय ब्रेकवर अडकतो म्हणून तर सगळं अडत होतं! धोंडा गाडी धरील, तर पाय मोकळे. मोकळ्या पायानं इंजिन चांगलं किंचाळेपर्यंत वाढवावं आणि क्लच इतक्या हळू सोडावा की गाडीलाही कळू नये. आणि धोंडा हे काही हत्यार नव्हे. त्याची पूजा झाली नव्हती!

ओढ्यातून तिनं स्वतः निवडून एक धोंडा आणला, एका अंगानं चपटा, पाचरीसारखा. मग सारी दुपार तुंगार्लीच्या चढावर आमचा तमाशा चालला. विलायती गाडी चालवणारा मी आणि मागे पदर खोचून, धोंडा कडेवर घेतलेली बायको. गाडी मेली की ती धोंडा सारायची, मी उतरून हँडल मारायचो, परत बसायचो. पहिल्या कितीतरी खेपा इंजिन मेलंच. क्लचचा वास नाकात बसला.

"आबाचा बैल बरा व्हता," ती मागून म्हणायची. "त्याला निदान शेपटी तरी पिरगाळता यायची."

भारा घेऊन चाललेल्या ठाकरवाडीच्या दोघी बाया थांबून बघू लागल्या. त्यांतली म्हातारी माझ्या बायकोला म्हणाली, "मालक गाडीत आन् तू मागं व्हय? लय शिकलेला दिसतोय!" तिघी खदखदून हसल्या. मला हसू येत नव्हतं. दर उचकीला मला ते दोरीवरचं लुगडं दिसत होतं. उन्हं उतरता उतरता एकदा गाडी हलली. न मरता, न घसरता, धोंडा सोडून हलकेच वर निघाली. पुढच्या खेपेला पुन्हा मेली. मग पुन्हा हलली. साधारण निम्म्या वेळा जमेल, इथवर आम्ही पोचलो. निम्म्या वेळा! आणि उद्या स्टिअरिंगवर मी नसणार, शेठजी असणार.

दसऱ्याच्या सकाळी शेठजी आणि बाईसाहेब मुंबईच्या आगगाडीनं उतरले. मी मोटार घेऊन गेलो होतो, स्टेशनाबाहेरच सगळं सांगून टाकलं आणि धोंडा दाखवला. शेठजी लालबुंद झाले.

"स्पोर्ट्सकार आहे ती! छकडा नाही! दगड घेऊन मी मेहुण्यांच्या दारात जाऊ?"

"शेठ, फाटकाशी थांबावं लागणार."

"थांबू! आणि निघू!"

बाईसाहेब तोवर शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाच्या घरचा कडा मी लहानपणापासून पाहतेय. त्या धोंड्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही." मग त्यांनी आपट्याच्या पानांच्या टोपलीवरचा रेशमी रुमाल काढला, धोंडा त्यात बांधला, वर झेंडूची दोन फुलं खोचली आणि म्हणाल्या, "आता कोण म्हणेल दगड?"

मला बसायला जागा नव्हतीच. गाडीच्या मागे सामान बांधायची लोखंडी जाळी होती. तिच्यावर मी बसलो, गाडीकडे पाठ करून, मांडीवर तो रेशमी धोंडा. त्यामुळं खंडाळ्यापर्यंतचा सगळा रस्ता मला उलटा दिसला. पुढं काय येतंय ते कळत नव्हतं. घसरलो तर कुठं जाऊ, तेवढं मात्र स्वच्छ दिसत होतं.

मेहुण्यांच्या फाटकाबाहेर, आंब्याखाली, त्यांची गाडी उभी होती. वर व्हरांड्यात माणसं जमलेली. माळी फाटक उघडायला आला, शेठजी थांबले, फाटक उघडलं, शेठजींनी क्लच सोडला. उचकी! इंजिन मेलं आणि गाडी माझं तोंड होतं त्या दिशेनं, म्हणजे मागं निघाली.

मी उडी टाकली आणि धोंडा चाकामागं सारला. चाक त्यावर चढलं, थांबलं. माझ्या उजव्या हाताचं एक बोट वेळेत बाहेर आलं नाही. त्याचं नख तिथंच राहिलं. तसाच पुढं धावलो, हँडल मारलं, मागे धावलो. पुन्हा उचकी. व्हरांड्यात कुणीतरी हसलं. हँडल, धाव, उचकी. शेठजींची मान टोपीखाली घामानं निथळत होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "शेठ, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी धोंड्यावर आहे, जाणार नाही कुठं. तिला ओरडू द्या. आणि क्लच... झोपलेल्या मुलाच्या मानेखालचा हात काढतो ना आपण, तसा सोडा."

बाईसाहेब म्हणाल्या, "त्यांनी कधी काढलाय? मीच काढते."

शेठजी एवढ्या संकटातही हसले, आणि त्या हसण्यातच बहुधा त्यांचा पाय सैल पडला. गाडी किंचाळली, थरथरली आणि निघाली. मी धोंडा उचलून, रक्ताळलेलं बोट रुमालात खुपसून मागून पळत सुटलो. गाडी वर पोर्चमध्ये आधी पोचली, मी आणि धोंडा नंतर.

स्वागत झालं. सोनं वाटलं. मी खांबाशी उभा, धोंडा पायाशी. तेवढ्यात मेहुणे खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि रुमालाचं टोक उचलून त्यांनी आत पाहिलं.  आता हे मोठ्यानं हसणार, साऱ्या व्हरांड्याला दाखवणार आणि माझी ट्रंक भरलेलीच आहे.

मेहुण्यांनी टोक परत खाली सोडलं. इकडं तिकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "असाच लागतो का? चपटा?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांची गाडी फाटकाबाहेर आंब्याखाली का उभी होती! चाक हलकं केल्यापासून ती पोर्चपर्यंत कधी आलीच नव्हती.

"हो साहेब," मी म्हणालो. "आणि लावणारा सवयीचा लागतो."

मेहुण्यांनी वर हाक मारली, "अहो जावईबापू, तुमचा हा माणूस मला द्या. नाहीतरी तुम्ही आता स्वतःच चालवता. तुम्हाला काय उपयोग?"

शेठजींच्या हातात करंजी होती. ती तशीच राहिली. आदल्या क्षणापर्यंत मी त्यांच्या लेखी एक बिनकामाचा ड्रायव्हर होतो, पण मेहुण्यांनी मागितलेली वस्तू बिनकामाची कशी असेल? "छे छे," ते म्हणाले, "त्याच्याशिवाय माझी गाडी चालायची नाही. तो आमचाच." बाईसाहेबांनी पदर तोंडाशी नेला.

परत आलो तेव्हा बायको पागेच्या भिंतीशी उभी होती. तिनं आधी माझं बोट पाहिलं, मग तोंड.

"ठेवलं," मी म्हणालो.

"ड्रायवर म्हनून?"

"नाही. धोंडा लावायला."

 तिनं माझ्या हातातून धोंडा काढून घेतला, त्यावरचं रक्त पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मंग निम्मी नोकरी माजी. उद्याच्याला आजून एक बघून ठिवते वढ्यात. ह्यो लय घासलाय."